वाचायला शिकविणाऱ्यांचे शिक्षण

पहिले प्रवचन करण्यापूर्वी मला सेमिनरीत अनेक वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकावे लागले. ही अट कोणालाही अवास्तव वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकविण्याचे काम मात्र आपण फारसा विचार न करता सोपवितो. ज्याला वाचता येते त्याला वाचन शिकविताही येते, अशी आपली समजूत असते.

सुजाण वाचकहो, ही समजूत तपासून पाहायला हवी. मूल घरातले बोलणे ऐकत ऐकत बोलू लागते. वाचन तसे आपसूक येत नाही, ते शिकवावे लागते. अमेरिकेतील अनेक राज्यांत शाळेत 'वाचनतज्ज्ञ' म्हणून काम करण्यासाठी वर्गातील अध्यापनाचा अनुभव आणि त्यावर पदव्युत्तर शिक्षण लागते. तेथील नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली आपल्या अहवालात वाचनाच्या पाच अंगांवर भर दिला: शब्दांतील ध्वनी ओळखणे, ध्वनी व अक्षर यांची सांगड, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन. या अभ्यासाला प्रात्यक्षिकाची जोड असते. जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली अडखळणाऱ्या मुलांना प्रत्यक्ष शिकवावे लागते आणि त्यांच्या चुका जशाच्या तशा टिपाव्या लागतात.

चुका टिपण्याचे महत्त्व आपल्या मराठीतही सहज ध्यानी येते. एक मूल 'घर' हा शब्द 'धर' असा वाचते, दुसरे 'भाकरी'चे 'भाकर' करते, तिसरे चित्राकडे पाहून 'घर'ला 'झोपडी' म्हणते. पहिल्याची अक्षरांच्या आकारात गल्लत होते, दुसऱ्याची वेलांटी निसटते, तिसरे न वाचताच अंदाज बांधते. दुखणी तीन, म्हणून उपायही तीन. अप्रशिक्षित डोळ्याला मात्र तिघेही 'मठ्ठ' दिसतात.

ही दृष्टी आपल्याकडे नाहीच असे नव्हे. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केले. संपूर्ण मुळाक्षरे पाठ होण्याची वाट न पाहता, थोड्या अक्षरांचा गट शिकवून त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचू देण्याची रीत त्यांनी रुजविली. पुढे हैदराबादच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या शिकवू लागल्या. आपल्या पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात 'क्वेस्ट' ही संस्था २००७ पासून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करीत आली आहे.

तरीही असे शिक्षण फार थोड्या शिक्षकांच्या वाट्याला येते. ज्याला चौथीत वाचता येत नाही, त्याला इतिहास, विज्ञान, किंबहुना गणितातील शाब्दिक उदाहरणेही बंद होतात. ते मूल मुकाट्याने मागच्या बाकावर सरकते, आणि एके दिवशी शाळेत येईनासे होते.

म्हणून पालकसभेत गुणांची चौकशी करताना आणखी एक प्रश्न विचारावा: "गुरुजी, आमचे मूल वाचताना नेमके कुठे अडते?" ज्या शिक्षकाला याचे उत्तर देता येईल, त्याचा मान राखावा, ज्याला देता येत नाही, त्याला दोष न देता ते शिकण्याची संधी मिळवून देण्यासाठी शाळेकडे आग्रह धरावा.