चेकातिमु

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. कारण सांगितलं तर हसाल. या वयात मी युक्रेनियन भाषेचं व्याकरण घेऊन बसले होते. जन्मभर वर्गात मुलांकडून काळ चालवून घेतले, ती खोड जाणार कुठे?

झालं असं, की माझ्या बहिणीचा नातू विन्नित्सियाला डॉक्टरी शिकत होता. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने हल्ला केला आणि मार्चमध्ये तो रोमानियामार्गे घरी परतला. पुढचं शिक्षण त्याने दुसऱ्या देशात पुरं केलं. तिथल्या घरमालकिणीला तो 'बाबुस्या' म्हणतो, म्हणजे आजी. तिचे निरोप अजून येतात. शेवटी एकच शब्द असतो: चेकातिमु.

"म्हणजे काय रे?"

"वाट पाहीन."

तेवढ्यावर माझं समाधान होईना. त्याची जुनी वही मागून घेतली.

तर या भाषेत भविष्यकाळ तीन तऱ्हांनी होतो. 'पिसाति' म्हणजे लिहिणे. त्याच्याआधी 'असणे'चं भविष्यरूप ठेवलं की झालं 'बुदु पिसाति'. ही पहिली तऱ्हा. दुसरीत क्रियापदालाच प्रत्यय लागतो: मी पिसातिमु, तू पिसातिमेश, तो पिसातिमे. हा 'मु' म्हणजे एके काळी 'घेणे' अशा अर्थाच्या स्वतंत्र क्रियापदाचं रूप होतं. झिजत झिजत त्याचा प्रत्यय झाला. रशियन भाषेत ही तऱ्हा नाही. या दोन्ही रूपांचा अर्थ एकच. काम चालेल एवढंच ती सांगतात. पुरं होईल की नाही, यावर बोलत नाहीत.

तिसरी तऱ्हा तडीस जाणाऱ्या कामाची. 'पिशु' म्हणजे मी लिहितो. त्याला 'ना' हा उपसर्ग लागला की 'नापिशु', म्हणजे लिहून पुरं करीन. शेवटचा प्रत्यय वर्तमानकाळाचाच, पण पुरी होणारी क्रिया आत्ता चालू असू शकत नाही, म्हणून अर्थ आपोआप भविष्याचा. याच्यामागे 'बुदु' लावलं, की लाल शाई!

वाट पाहण्याचंही असं पुरं रूप आहे: 'दोचेकायुस्या'. तू येईपर्यंत वाट पाहीन, आणि तू आलेला मी बघेन. बाबुस्या मात्र 'चेकातिमु' लिहिते. रोजच्या वापरातलं साधं रूप आहे ते, तिने मुद्दाम निवडलं असेल असं नाही. तरी मी त्याला हा फरक सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ऐंशीच्या पुढे गेली आहे ती."

"आणि तू काय उत्तर देतोस?"

"प्रियिदु. येईन."

हे रूप तिसऱ्या तऱ्हेचं, तडीस जाणारं. मी म्हटलं, "अरे, आपण घरातून निघताना 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. रूप वर्तमानकाळाचं, अर्थ मात्र पुढचा. तुझं 'प्रियिदु' तसंच की!"

तो हसला. म्हणाला, "तिला कळवतो हे."

असो. त्याचं उत्तर मी वहीत पुन्हा तपासून पाहिलं. व्याकरणाने बिनचूक आहे. आता क्रिया तेवढी पुरी व्हायची आहे.