डिस्क १०० टक्के

संगणकाचा प्रोसेसर म्हातारा होत नाही. माझ्या टेबलावरचा लॅपटॉप २०१३ सालचा आहे. त्यातली ती इवलीशी चिप दोन आकड्यांची बेरीज आजही पहिल्या दिवशीच्याच वेगाने करते. तिला गंज चढत नाही, तिचे दाते झिजत नाहीत. तरीही ‘फार जुना झालाय गं, आता बदल’ हे मी कितीतरी वर्षं ऐकत आले. सांगणारी माणसं मायेचीच होती. पण लॅपटॉप हळू झालाय म्हणजे त्यात नेमकं कोण कोणासाठी खोळंबलंय, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. मला ते विचारायची सवय आण्णांमुळे लागली.

कराडला आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, आण्णा ती चालवायचे. पुढच्या खोलीत ओळीने मांडलेली गोदरेज आणि रेमिंग्टनची मशिनं, भिंतीवर की-बोर्डचा तक्ता, आणि दिवसभर चालणारा तो खडखडाट. शनिवारी शेवटची बॅच गेली की आण्णा एकेक मशीन उघडायला घ्यायचे. जुना दात घासायचा ब्रश, स्पिरिटची बाटली आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी एवढीच हत्यारं. एखाद्या अक्षराची काडी कागदावर आपटून परत यायला उशीर करत असेल, तर ते मशीनला नावं ठेवत नसत. ती काडी बोटाने हळूहळू वर उचलायची, सोडायची, पुन्हा उचलायची, आणि ती कुठे अडखळते ते बघायचं. बहुतेक वेळा मुळाशी, जिथे सगळ्या काड्या एकत्र येतात तिथल्या खाचेत, रिबनची शाई आणि धूळ मिळून काळा मळ बसलेला असे. तेवढाच काढायचा. बाकी मशिनीला हात लावायचा नाही.

संगणक आले ते एमएस-सीआयटीची लाट आली तेव्हा, २००१ नंतर लगेच. १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. क्लासबरोबर डीटीपीची कामंही सुरू झाली: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या. आणि वर्षभरातच ते संगणक रेंगाळू लागले. आमच्या धंद्यातलं त्याचं एक कारण बाहेरच्यांना सहसा सुचणार नाही, ते म्हणजे फाँट. तेव्हा मराठीत युनिकोड रुळलं नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाईक आपली फाइल वेगळ्याच फाँटमध्ये घेऊन यायचं, आणि तो फाँट मशीनवर चढवल्याशिवाय मजकुराच्या जागी नुसती विचित्र चिन्हं दिसायची. बघता बघता शेकडो फाँट साठले. संगणक सुरू होताना आणि पेजमेकर उघडताना त्या सगळ्यांची दखल घेतली जायची. आण्णांनी एका वहीत कोणत्या कामाला कोणता फाँट लागतो ते लिहून काढलं, रोजचे तेवढे ठेवले आणि बाकीचे सीडीवर उतरवून मशीनवरून काढून टाकले. पेजमेकर पुन्हा झटकन उघडायला लागलं. नवा भाग एकही घातला नव्हता.

रात्री मग डीफ्रॅग लावायचं. पडद्यावर लाल, निळ्या, हिरव्या उभ्या पट्ट्या. लाल म्हणजे तुकडे होऊन विखुरलेल्या फाइली, निळ्या म्हणजे सलग असलेल्या. तासनतास ते लाल कमी होत जाताना मी बघत बसायची. शाळेत असताना मला ते टीव्हीपेक्षा बरं वाटायचं. भारनियमनाच्या दिवसांत मात्र ते अर्ध्यावरच राहायचं, कारण यूपीएसची बॅटरी फार तर फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरतीच टिकायची.

या सगळ्यापेक्षा माझ्या मनात घर करून राहिली आहेत ती शेवटच्या दोन संगणकांवर बसणारी मुलं. ती मशिनं सगळ्यात जुनी. की दाबली की अक्षर किंचित उशिरा उमटायचं, मग मूल तीच की पुन्हा दाबायचं, आणि अक्षर दोनदा यायचं. परीक्षेला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. त्या मशीनवर बसणाऱ्या मुलामुलींना मनापासून वाटायचं, आपली बोटंच चालत नाहीत. एक मुलगी पार ओंडवरून एसटीने यायची. ती महिन्याभरात क्लास सोडायला निघाली तेव्हा आण्णांनी तिला उठवून पहिल्या रांगेतल्या नव्या मशीनवर बसवलं आणि म्हणाले, “आता मार बघू.” ती मारू लागली, आणि थांबली, आणि तिने आण्णांकडे वर पाहिलं. त्या दिवसापासून कच्च्या मुलांना चांगली मशिनं आणि ज्यांचा हात बसलाय त्यांना जुनी, असा आण्णांनी नियमच केला.

यंत्राचा संथपणा यंत्राच्या नावावर जमा होत नाही, तो समोर बसलेल्याच्या नावावर जमा होतो. शेवटच्या तारखेला भरतीचा फॉर्म भरणारा मुलगा, ओटीपी येईपर्यंत पान गोठून गेलेली आजी, ‘सेशन एक्स्पायर्ड’ वाचून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारी अंगणवाडीताई, ही सगळी माणसं ‘मला हे जमत नाही’ असंच म्हणतात. म्हणून हळू लॅपटॉप मला क्षुल्लक तक्रार वाटत नाही.

२०१३ मध्ये मी भाषांतराची कामं घेऊ लागले आणि हा लॅपटॉप घेतला. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. चार वर्षांत अशी गत झाली की बटण दाबून आंघोळ उरकून आलं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. शब्दामागे पैसे मिळणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. जो तो उपाय सुचवू लागला. कुणी म्हणालं फॉरमॅट मार, कुणी म्हणालं रॅम वाढव, कुणी एक ‘क्लीनर’ टाकून दिला. असे क्लीनर बहुधा स्वतःच सुरुवातीला चालू होऊन रांगेत आणखी एकाची भर घालतात.

मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर ८ टक्के, मेमरी साधारण निम्मी, आणि डिस्कच्या रकान्यात लालभडक १०० टक्के. मशिनीची काडी कुठे अडखळते ते दिसलं.

लॅपटॉपमधल्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकी लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे मारतात. सेकंदाला ९०, म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती नोंद वाचायची तर आधी एक बारीक हात योग्य वर्तुळावर जाऊन थांबतो, मग ती नोंद फिरत फिरत त्याच्या खाली येण्याची वाट बघतो. दोन्ही मिळून साधारण १७ मिलिसेकंद धरले, तर इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साठेक वाचून होतात. त्याच १७ मिलिसेकंदांत माझ्या प्रोसेसरची तीन कोटींच्या आसपास आवर्तनं होऊन गेलेली असतात. अँटिव्हायरस, अपडेट, फाइलींची सूची करणारी सेवा, क्लाउडशी जुळवाजुळव आणि मी उघडलेली वर्डची फाइल, सगळे एकाच वेळी त्या एका हाताकडे मागणं मागतात. तलाठ्याकडे दप्तर एकच आणि खिडकीशी पन्नास माणसं, अशी ती अवस्था. आत बसलेला कितीही हुशार असो, रांग पुढे सरकत नाही.

ही फिरती तबकडी फार जुनी आहे. आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून ५ एमबीसुद्धा धड मावत नसे. पुढे क्षमता अफाट वाढली, पण हात हलवायचा आणि फेऱ्याची वाट बघायची, हे काही सुटलं नाही. ते सुटलं फ्लॅश मेमरीमुळे. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती मांडली. तिच्यात काही फिरत नाही. विद्युतभार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात आणि कोणतीही नोंद मिलिसेकंदाच्या साधारण दहाव्या भागात हाती येते. एसएसडी म्हणतात ती हीच.

टीव्हीवर, वर्तमानपत्रात नव्या लॅपटॉपची जाहिरात करताना प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात दाखवतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सामान्य माणसाच्या संगणकाला सगळ्यात मोठा हात दिला तो प्रोसेसरने नव्हे, फिरणं थांबलेल्या या डिस्कने.

पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन २४० जीबीची एसएसडी घेतली. ती बसवायला तिथल्याच एका जिन्याखालच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक स्टूल. दुरुस्ती करणारे दादा विशीतले असतील. त्यांनी बॅटरी काढली, मागचे स्क्रू काढून, ज्या जागेचा स्क्रू त्या जागी, पांढऱ्या कागदावर मांडले. मागचं झाकण सोडवताना कडेने जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा फिरवत नेला. झाकण निघालं तशी पंख्याच्या तोंडाशी एक करडी पट्टी दिसली. धूळच ती, पण दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली. त्यांनी चिमट्याने ती अखंडच्या अखंड ओढून काढली. “ताई, हा असा बसलेला, त्यामुळे गरम होऊन पण स्लो व्हायचा,” ते म्हणाले. खरंच होतं. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात तापू लागला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो. बाहेरून बघणाऱ्याला ते थकणं वाटतं. त्यांनी प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट स्पिरिटने पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. स्पिरिटच्या वासाबरोबर मला आमची पुढची खोली आठवली. मी काही बोलले नाही, कारण ते एकाग्र होऊन काम करत होते.

जुन्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला दुपार गेली. संध्याकाळी बटण दाबलं आणि हात मागे घेते न घेते तोच पासवर्डची चौकट हजर. खर्च तीन हजारांच्या आसपास. पुढे ४ जीबीची आणखी एक रॅमची पट्टी टाकली, कारण ब्राउझर आता जवळजवळ प्रत्येक साइटसाठी मेमरीचा वेगळा कप्पा मांडून बसतो आणि भाषांतर करताना शब्दकोशांच्या खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात. डीफ्रॅग मात्र बंद केलं. एसएसडीला त्याची गरज नाही, उलट विनाकारण लिहिण्याने तिच्या पेशी झिजतात.

स्विस संगणकतज्ज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की यंत्रं जेवढ्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जातं. माझ्या लॅपटॉपपुरतं मी ते आकड्यांसकट पाहिलं आहे. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बरेच नंतरचे प्रोसेसर लागतात, म्हणजे अधिकृत यादीनुसार हा लॅपटॉप बाद. मी त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चढवली. मराठी इन्स्क्रिप्ट की-बोर्ड तिच्यात आधीपासून आहे. सुरू होऊन स्थिरावली की एक जीबीच्या आसपास मेमरी घेते आणि बाकीची माझ्या कामाला सोडते. हा लेख मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे. यादीत नसलेलं यंत्र निकामी झालेलं असतंच असं नाही, आणि सरकारी शाळांच्या कपाटांत बंद करून ठेवलेले असे कितीतरी संगणक आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, लॅपटॉप जेमतेम तीन वर्षांचा. “मावशी, मला वाटतं मीच काहीतरी चुकीचं दाबते. सारखा अडकतो.” मी तिला टास्क मॅनेजर उघडून रकाने वाचायला सांगितले. डिस्क ३ टक्के, प्रोसेसर १२, मेमरी ९४. आत एसएसडी होतीच. मेमरी ४ जीबी, आणि तीही हल्ली पातळ लॅपटॉपमध्ये करतात तशी मूळ बोर्डवरच जोडलेली, काढता न येणारी. आधी तिच्याकडून सुरुवातीला आपोआप चालू होणारी सगळी ॲप बंद करून घेतली, ब्राउझरमधली नको ती एक्स्टेन्शन काढायला लावली. ९४चे ७८ झाले. मग मॉडेल नंबर विचारून निर्मात्याची माहितीपत्रिका शोधली. बोर्डवरच्या मेमरीशेजारी एक खोबण मोकळी आहे. ८ जीबीची पट्टी मागवली आहे, आणि ती आली की झाकण भाची स्वतः उघडणार आहे. स्क्रू कागदावर कसे मांडायचे ते तिला सांगून ठेवलंय.