वय झालंय तिचं

चिंगी आमची आठ वर्षांची, दहा किलोची कुत्री. दिवाळीनंतर ती सारखी पाणी पिऊ लागली आणि रात्री हॉलमध्येच शू करू लागली. मी ओरडले, एकदा वर्तमानपत्राच्या गुंडाळीने फटकाही दिला. मग संध्याकाळनंतर पाण्याचं भांडंच उचलून ठेवू लागले. ती बाथरूमच्या बादलीपाशी जाऊन उभी राहायची. "वय झालंय तिचं," मी शेजारच्या काकूंना सांगायचे. खात भरपूर होती, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. तेव्हाही माझं तेच वाक्य.

डॉक्टरांनी आधी भांडं परत ठेवायला लावलं. "चोवीस तासांत किती पिते ते मोजा." दुधाच्या मापाने मोजलं, दीड लिटर भरलं. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं की तपासणी हवीच, म्हणाले. रक्तात साखर वाढलेली, लघवीतही साखर: मधुमेह. साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, म्हणून ही तहान. आणि मी भांडं लपवत होते!

पुढचा हट्ट सुईचा. मुक्या जिवाला रोज दोनदा इन्सुलिन टोचायचं, त्यापेक्षा नकोच ते, असं मी म्हणून बसले. आता मात्र दर बारा तासांनी आधी खाणं, मग इन्सुलिन. खाल्लं नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस नाही. ४० युनिटच्या बाटलीला ४० चीच सिरिंज. कातडी चिमटीत धरून टोचते, तेव्हा ती वाटी चाटत असते. हात थरथरायचा तो माझाच.

नसबंदीलाही मी वर्षानुवर्षं नाही म्हटलं होतं. माज ओसरल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढलेलं राहतं आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही, हे या आजारात कळलं. ऑपरेशननंतर तिचा डोस कमी झाला. डोळ्यांत मोतीबिंदू मात्र उतरलाच. मधुमेही कुत्र्यांत तो बहुधा येतोच.

परवा काकू म्हणाल्या, "आमची मनी मांजर दुप्पट खाते, पण वाळत चाललीय. तेरा वर्षांची झाली, वयच ते." मी म्हटलं, "काकू, थायरॉईडची तपासणी करून घ्या."

वय तर चिंगीचंही झालंच होतं. पण तेवढं म्हटलं, की मला जागचं उठावं लागत नसे.