शंभर वाती आणि माकडाचें काळीज

मनुष्यास बोलण्याची हौस मोठी. ऐकण्याची मात्र त्या मानानें बेताचीच. म्हणूनच कीं काय, हल्लीं तोंड मिटून बोलण्याची सोय निघाली आहे. छत्रपती संभाजीनगरांत, गुलमंडीजवळच्या आमच्या एकत्र कुटुंबांत, रात्रीं दहानंतर आम्ही अभ्यास करतों असा वडील मंडळींचा समज असे. वस्तुतः त्या वेळीं आम्ही मोबाइलवर मित्रमंडळीशीं जपानी भुतांविषयीं गप्पा मारीत असूं.

हीं भुतें मोठीं शिष्ट. 'कप्पा' नांवाच्या जलपिशाच्चाच्या टाळूवर खळगा असून त्यांत पाणी असतें. आपण लवून नमस्कार केला कीं तोहि उलट लवतो, पाणी सांडतें आणि त्याचें बळ सरतें. संस्कारांपायीं बळास मुकणारें दुसरें भूत आमच्या तरी ऐकिवांत नाहीं! 'नोप्पेराबो' यास डोळे, नाक, तोंड कांहींच नसतें. आमच्या मंडळींत छायाचित्र न लावणारे दोघे आहेत. त्यांस आम्हीं हेंच नांव बहाल केलें आहे.

एदो काळांत (१६०३ ते १८६८) जपानांत शंभर गोष्टींचा एक खेळ चाले. रात्रीं शंभर वाती लावावयाच्या आणि भुताची एकेक गोष्ट सांगून एकेक वात मालवावयाची. शेवटची विझली कीं खरें भूत येतें, असा समज. परवां तो खेळ आम्हीं मोबाइलवर मांडला, तों वातींऐवजीं गडीच विझूं लागले! कोणास झोप आली, कोणाची बॅटरी संपली, कोणी निरोपहि न घेतां गेला. साडेबारा वाजतां आम्हीं एक गोष्ट लिहिली. सागरराजाच्या आजारी राणीस माकडाचें यकृत हवें असतें. जेलीफिश माकडास पाठीवर घेऊन निघतो, पण भोळेपणानें वाटेंतच बेत सांगून टाकतो. माकड म्हणतें, "अरेरे, तें तर झाडावरच राहिलें!" माकड निसटतें, आणि शिक्षा म्हणून जेलीफिशचीं हाडें काढून घेतात. गोष्ट वाचावयास कोणीच उरलें नव्हतें.

इतक्यांत दाराशीं आकृति दिसली. भूत नव्हे, आजी.

"कोणाशीं बोलतोस रे इतक्या रात्रीं?"

"कोणाशींच नाहीं," आम्ही म्हणालों. आणि तें खरें होतें, याचें आमचें आम्हांसच वाईट वाटलें.

मग तीच गोष्ट तिला वाचून दाखविली. ती हसली. "अरे, ही तर माकड आणि मगरीची! तुला निजवितांना किती वेळां सांगितली असेल!" खरेंच होतें. पंचतंत्रांत व जातकांत असलेली ही कथा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गें जपानांत गेली. मगरीच्या जागीं तेथें कासव किंवा जेलीफिश आला, एवढेंच.

आजी आमच्या अंथरुणावर बसून सांगूं लागली. जांभळाचें झाड, मगरीची हट्टी बायको, सारें यथास्थित आलें. आणि भर नदींत ती थांबली. हल्लीं तिला असें होतें.

"काळीज त्यानें कोठें ठेवलें होतें रे?"

लहानपणीं शेंकडों वेळां ऐकलेली गोष्ट. पण तिचें उत्तर त्या रात्रीं आमच्या तोंडीं आलें तें जपानच्या वाटेनें. "झाडावर, आजी."

"हां, झाडावर," म्हणून ती पुढें निघाली. मोबाइल दोनदां किणकिणला. आम्हीं तो पालथा घातला.

आतां रात्रीं दहानंतर आम्ही अभ्यास करीत नाहीं, हें घरांत उघड झालें आहे. पण आम्ही आजीपाशीं वही घेऊन बसलेले दिसतों, म्हणून कोणी रागावत नाहीं. आजवर अकरा गोष्टी उतरल्या आहेत.