राहून गेलेलं भांडण

१७ जून १८९५, सोमवार. गोपाळ गणेश आगरकर पुण्यात वारले. वयाची एकोणचाळीस वर्षं पुरी व्हायला अजून महिनाभर अवकाश होता. दमा कॉलेजच्या दिवसांपासून पाठीस लागलेला, त्यामुळे आपल्याला फार आयुष्य नाही हे ते स्वतः ओळखून होते. 'केसरी'चा वार मंगळवार. म्हणजे दुसऱ्याच दिवशी अंक निघायचा होता, आणि 'केसरी'च्या पहिल्या संपादकाचा मृत्युलेख 'केसरी'तच लिहायचं काम आलं होतं बाळ गंगाधर टिळकांवर. गेली सात-आठ वर्षं या दोघांनी एकमेकांवर लेखणी चालवताना कसलीही भीड ठेवली नव्हती.

तो लेख सांगताना टिळकांना पुन्हा पुन्हा भरून येत होतं आणि एरवी झरझर होणाऱ्या मजकुराला तासन्‌तास लागले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. लेख वाचला की ती खरी वाटते. मृत्यू समोर उभा राहिला की मतभेदांच्या गोष्टी क्षुल्लक होतात, जुन्या आठवणी उसळून वर येतात आणि लेखणी चालेनाशी होते, अशा अर्थाचं टिळक त्यात लिहून गेले आहेत. प्रतिपक्षाला वाक्यागणिक कोंडीत पकडणाऱ्या माणसाने लेखणी चालत नाही असं छापून कबूल करावं, ही साधी गोष्ट नव्हे.

त्या जुन्या आठवणी डेक्कन कॉलेजपासूनच्या. दोघांचा जन्म १८५६च्या जुलैमधला, नऊ दिवसांच्या अंतराने. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, टिळक रत्नागिरीचे. आगरकरांची गरिबी अशी की एकुलता एक सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा. तरीही त्यांनी आईला कळवलं, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोड, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. टिळकही त्याच वाटेने निघाले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले. १८८०च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं आणि वर्षभरात 'केसरी' व 'मराठा' सुरू झाले. माधवराव नामजोशी, वामन शिवराम आपटे हेही येऊन मिळाले. सगळे विशी-तिशीतले होते. आपल्याला भरपूर वेळ आहे असं त्यांना वाटलं असणारच.

पण वेळ नव्हता. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री गेले, तेव्हा त्यांना बत्तिसावं वर्ष चालू होतं. 'निबंधमाला' या मासिकाने अख्ख्या पिढीची भाषा बदलणारा माणूस आपण काढलेल्या शाळेची सव्वादोन वर्षं तेवढी बघू शकला. त्या वेळी कोल्हापूर प्रकरणाचा खटला डोक्यावर होता. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचे हाल होताहेत आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं दोन्ही पत्रांनी लिहिलं होतं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. शोक करत बसायलाही सवड नव्हती. जुलैमध्ये 'केसरी'चे संपादक म्हणून आगरकरांना आणि 'मराठा'चे म्हणून टिळकांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली.

डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस आगरकरांनी पुस्तकात लिहून ठेवले आहेत. तुरुंगाचं अन्न अंगी लागेना. बाहेर आले तेव्हा टिळकांचं वजन चोवीस पौंडांनी उतरलं होतं, आगरकरांचं सोळा पौंडांनी. दोघे एकाच खोलीत असल्यामुळे रात्री गप्पांना ऊत येई. देव, धर्म, देशाची अवस्था, सुटल्यावर करायची कामं. आवाज इतके चढत की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागे. याच तुरुंगात आगरकरांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत आणलं. ते पुढे 'विकारविलसित' या नावाने छापून आलं. मित्राच्या वियोगाला चार महिनेच झालेले, बाहेर शाळेचं काय होईल याचा घोर, आणि आत हा राजपुत्र, बापाच्या मृत्यूनंतर कशातच मन न लागणारा. तुरुंगात वाचायला-लिहायला आगरकरांनी नेमकं हेच नाटक हाती धरलं, यात विष्णुशास्त्र्यांच्या मृत्यूचा काही वाटा असेलही.

त्या रात्रीच्या वादांत पुढच्या फाटाफुटीची बीजं होती असं पुष्कळ जण म्हणतात. असतील. पण मोठ्याने भांडून पुन्हा त्याच खोलीत शेजारी शेजारी झोपणारी माणसं एकमेकांपासून दुरावत नसतात, उलट जवळ येत असतात.

दुरावा आला तो पुढे, सगळं सुरळीत चालू असताना. १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं. आजीव सभासदांनी बाहेरची कामं करावीत का, वेतन वाढवावं का, देणग्यांचा विनियोग कोणी ठरवायचा, असे आज बारीक वाटणारे प्रश्न विकोपाला गेले. वरून सामाजिक सुधारणेचा मोठा प्रश्न होताच. आगरकरांनी १८८७मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. १८९०च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला, तोही आपली सारी बाजू पानंच्या पानं मांडून. पाठोपाठ संमतिवयाच्या कायद्यावरून उडालेल्या रणात दोघे समोरासमोर ठाकले. सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली आणि त्यांना ती पाहावी लागली.

दरम्यान १८९२च्या ऑगस्टमध्ये आपटे गेले. वय चौतीस. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. एवढं काम चौतिशीच्या आत कसं उरकलं याचं नवल संपत नाही. त्यांच्या जागी आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि तीन वर्षांत तेही गेले. उशाशी एक पुरचुंडी निघाली, असं सांगतात. तिच्यात आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बांधून ठेवले होते. मागे राहणाऱ्या पत्नी यशोदाबाईंना त्या दिवशी कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून.

मित्र गेला की माणसं सांत्वनाला येतात, त्याच्या गोष्टी निघतात, आणि दुःख थोडं वाटलं जातं. ज्याच्याशी अबोला किंवा वैर होतं तो मित्र गेला, तर कुणाकडे जायचं? घरचे लोक त्याचंच नाव टाळत आलेले, आणि आजूबाजूचे अनुयायी तर त्या वैरावरच पोसलेले. शिवाय गेलेल्याबरोबर समेटाची शक्यताही जाते. उद्या कधीतरी, म्हातारपणी, कुणाच्या लग्नात समोरासमोर येऊ आणि बोलून टाकू, असं मनाच्या कोपऱ्यात दोघांनीही ठेवलेलं असतं. अडतिसाव्या वर्षी गेलेला माणूस ते म्हातारपण दोघांचंही घेऊन जातो. भांडण मिटलेलं नसतं आणि आता ते चालूही ठेवता येत नाही. टिळकांच्या त्या लेखातली घालमेल या जातीची आहे. म्हणून एका राजकीय पुढाऱ्याने दुसऱ्या कार्यकर्त्यावर लिहिलेला लेख म्हणून तो वाचवत नाही.

आगरकरांच्या मृत्यूने टिळक बदलले, असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. काँग्रेसच्या मांडवात सुधारकांची सामाजिक परिषद भरवू देण्यावरून गावात एवढा गदारोळ झाला, की न्यायमूर्ती रानड्यांना ती दुसरीकडे घ्यावी लागली. टिळक होते तिथेच होते. जूनमधले अश्रू खोटे आणि डिसेंबरमधला विरोध खरा, असा निवाडा करणं सोपं आहे, पण तो चुकीचा ठरेल. मित्रासाठी रडणं म्हणजे त्याची मतं पत्करणं नव्हे. आगरकरांना तरी तसलं मतांतर रुचलं असतं का? बुद्धीला पटल्याशिवाय काही मानू नका, हे सांगण्यातच त्यांचं आयुष्य सरलं होतं.

१८९६मध्ये नामजोशीही गेले, चाळिशी नुकतीच ओलांडून. १८८०च्या त्या मंडळींतले चिपळूणकर, आपटे, आगरकर, नामजोशी असे चौघे सोळा वर्षांत संपले. टिळकांपुढे अजून राजद्रोहाचे खटले होते, मंडालेचा तुरुंगवास होता. पण डोंगरीच्या त्या खोलीची आठवण बरोबरीने काढायला आता कुणी उरलं नव्हतं.

पुढे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. एके काळी 'सुधारक'ची इंग्रजी बाजू सांभाळणारे आणि आगरकरांना वडीलधारा मित्र मानणारे. बातमी कळताच टिळक सिंहगडावरून खाली उतरले आणि स्मशानात हजर झाले. ते बोलायला उभे राहिले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या. ही वेळ टाळ्यांची नाही, डोळे पुसण्याची आहे, असं त्यांनी सुनावलं. मग गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा म्हटलं आणि त्यांच्या आयुष्याचा कित्ता गिरवा असं जमलेल्यांना सांगितलं. समोरच्या गर्दीतले कितीतरी जण 'केसरी'तून गोखल्यांवर वर्षानुवर्षं होणारी टीका वाचतच मोठे झाले होते.