आजीच्या मते तो मुंजाच

‘ट्वायलाइट’ हा सिनेमा अमेरिकेत नोव्हेंबर २००८ मध्ये लागला. कोकणात, लोट्याला आमच्या घरी तो पुढे कधीतरी आत्येभावाच्या पेन ड्राइव्हमधून आला. पुस्तक मात्र त्याआधीच येऊन पोचलं होतं. मी तेव्हा चिपळूणला डीबीजे कॉलेजात अकरावीला होते. एका मैत्रिणीच्या मुंबईच्या मावशीने स्टेफनी मायरची ही कादंबरी पाठवली आणि ती मुलींमध्ये हातोहात फिरू लागली. मुखपृष्ठावर दोन गोऱ्या हातांत धरलेलं लालभडक सफरचंद होतं. घरी कुणी विचारू नये म्हणून त्यावर खाकी कव्हर घातलं आणि लेबलवर ‘बायॉलॉजी’ असं लिहिलं. नायक एडवर्ड आणि नायिका बेला यांची गाठ बायॉलॉजीच्याच प्रयोगशाळेत पडते, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. एसटीत मी ती वाचायचे. परशुराम घाटाची वळणं लागली की पोटात ढवळायचं, तरी पुस्तक मिटवत नसे.

सिनेमा पाहिला तो जुलैतल्या एका रात्री. बाबा एमआयडीसीत रात्रपाळीला गेले होते. बाहेर धो धो पाऊस, आणि कंपन्यांच्या दिव्यांमुळे ढग खालून तांबूस दिसत होते. बहिणीसोबत मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि मागे आजी जपमाळ घेऊन. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण गोष्ट ती सोडणार नव्हती. दर पाच मिनिटांनी तिला मराठीत सांगावं लागे.

“हा एडवर्ड १९१८ च्या तापाच्या साथीत मरायला टेकला होता, आजी. पिशाच्च असलेल्या एका डॉक्टरने त्याला चावून वाचवलं. तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच आहे.”

“म्हणजे मानमोडीच्या साथीतला?” आजीने माळ थांबवली. “अगो, हा तर माझ्या सासऱ्यांच्या वयाचा झाला! आणि शाळेतल्या पोरीच्या मागे लागलाय? लग्नाआधी गेलेला, म्हणून जीव अडकलेला. मुंजाच आहे हा.”

तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मुंज झाली, पण लग्नाआधीच मेला, असा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो आणि त्याची इच्छा पुरी होत नाही, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. एडवर्डकडे पिंपळाऐवजी व्हॉल्वो गाडी होती, एवढाच फरक.

आजीला खटकला तो उन्हातला प्रसंग. उन्हात उभा राहिला की एडवर्डची कातडी हिऱ्यासारखी चमकते. “भूत चमकतं कधी?” ती म्हणाली. त्या बाबतीत मी आजीच्या बाजूची आहे.

मला खेचून घेतलं ते मात्र त्या गावाने. वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स हे एकेकाळी लाकूडतोडीवर जगणारं, तीनेक हजार वस्तीचं गाव. अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो, ते इंटरनेटवर शोधून मायरबाईंनी ते निवडलं. ऊन टाळणाऱ्या पिशाच्चांना राहायला सोयीचं म्हणून. दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविकने चित्रीकरण बहुतेक शेजारच्या ऑरेगॉनमध्ये केलं आणि सगळ्या चित्रपटाला निळसर-हिरवी झाक दिली. शेवाळलेली झाडं, ओले रस्ते, धुक्यात बुडालेले डोंगर. फोर्क्सला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या खेड तालुक्यात त्याहून जास्त पडतो, फक्त तो चार महिन्यांत उरकून घेतो. आम्ही पाहिलेल्या सिनेमांत प्रेम व्हायचं ते मुंबईत, नाहीतर स्वित्झर्लंडमध्ये. कपडे वाळत नाहीत अशा आडगावी कुणाचं प्रेम जमलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसरी गोष्ट, हा सिनेमा आजीसमोर बसून पाहता आला. मायर मॉर्मन पंथाच्या. त्यांचा नायक नायिकेच्या जवळ जायलाच घाबरतो. सगळं प्रेम म्हणजे स्वतःला आवरणं. ज्या घरात फोनवर मुलाचा आवाज आला तरी चौकशी होते, तिथे हे आवरणं परकं वाटत नाही. २०१० मध्ये एकता कपूरने स्टार वनवर ‘प्यार की ये एक कहानी’ ही मालिका आणली तेव्हा आमच्या वाडीतल्या मुलींना त्यातला अभय रायचंद म्हणजे देशी एडवर्ड हे सांगावं लागलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ‘ट्वायलाइट’ भाचीसोबत पुन्हा पाहिला. पंधरा वर्षांची आहे ती. एडवर्ड रात्री खिडकीतून येऊन बेलाला झोपलेली न्याहाळतो, तो प्रसंग आला. भाची म्हणाली, “मावशी, ह्याची तर पोलिसात तक्रार करायला हवी.” बेलाचे वडील गावचे पोलीसप्रमुखच, त्यामुळे लांब जायचंही काम नव्हतं. आम्ही मैत्रिणींनी ह्याच प्रसंगावर उसासे टाकले होते.

भाचीची आवड वेगळी. तिला आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ आवडतो. लग्नासाठी हटून बसलेल्या मुंजाची ती कोकणातली गोष्ट २०२४ मध्ये आली. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाने ‘थामा’ काढला, त्यात रक्त पिणाऱ्या बेताळांची प्रेमकथा आहे. मुंजा आणि व्हॅम्पायर एकाच मराठी माणसाने हाताळले. आजी असती तर म्हणाली असती, मी सांगितलंच होतं.

आता मला ‘ट्वायलाइट’मधला सर्वांत खरा माणूस वाटतो तो बेलाचा बाप, चार्ली. लेकीशी काय बोलावं ते न कळणारा, तिला जुना ट्रक घेऊन देणारा, जावई होऊ पाहणाऱ्याच्या स्वागताला बंदूक साफ करत बसणारा. पुढचे चार भाग सोडले तरी काही बिघडत नाही. पहिला मात्र पाहा, आणि घरात आजी असेल तर तिलाही बसवा.