पात्यावरची शाई

लोखंडाला वास असतो असं आपण म्हणतो. साध्या पोलादाच्या चाकूने कैरी कापली, पातं पुसलं आणि बोटं नाकाशी नेली की तो येतोच. आंबट, ओलसर, थोडा रक्तासारखा. २००६ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी या वासाचा माग काढला तेव्हा कळलं की तो लोखंडाचा नाहीच. त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांशी लोखंडाचा संबंध आला की क्षणात काही द्रव्यं तयार होतात, आणि वास येतो तो त्यांचा. ज्याला आपण लोखंडाचा वास म्हणत आलो, तो खरं तर हाताचा वास. जुन्या मिटत्या चाकूंचे संग्रह पाहताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. काचेच्या कपाटात मखमलीवर मांडून ठेवलेल्या चाकूला वास नसतो. तो कितीही देखणा असो, त्यातून हात वजा झालेला असतो. खिशातला चाकू जपायचा तर तो वापरून, झिजवून आणि पुन्हा पुन्हा धार लावूनच जपता येतो, असं माझं ठाम मत आहे. ते अनेक संग्राहकांना रुचत नाही याची मला कल्पना आहे, म्हणून ते नीट मांडायला हवं.

पहिला आधार आपल्या भाषेतच आहे. मराठीत कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे झाडाचं कलम आणि कलम म्हणजे कायद्याचंही कलम. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मुळात बोरूचा. बोरू उचलला आणि लिहायला लागलं असं होत नसे. वाळलेली नळी तासायची, टोकाला तिरका छेद द्यायचा, मधोमध बारीक चीर पाडायची, मग ती लेखणी व्हायची. लिहून लिहून टोक बोथटलं की पुन्हा तासणं आलं. त्यासाठी दौतीच्या शेजारी एक लहानसं पातं असेच. फारसीत त्याला कलमतराश म्हणत, आणि इराण-तुर्कस्तानातल्या कारागिरांनी त्याच्या मुठींवर हस्तिदंताचं आणि सोन्याचं काम केलेलं आहे. युरोपात हेच काम पिसाच्या लेखणीसाठी चाले, म्हणून इंग्रजांनी छोट्या चाकूला पेननाइफ असं नाव दिलं. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांमध्ये बांधून ठेवलेल्या मोडी कागदांचा आपल्याला अभिमान आहे. त्या कागदांमागच्या चाकूची आठवण मात्र कुणी काढत नाही. शाई वाळण्याआधी, अक्षर उमटण्याआधी, कुणीतरी बोरू तासलेला आहे. चाकू तलवारीच्या कुळातला आहे असं आपण धरून चालतो. त्याचा खरा घरोबा लेखणीशी आहे.

दुसरं कलम कोकणातलं. हापूस कोयीपासून जसाच्या तसा येत नाही, म्हणून त्याचं कलमच करावं लागतं, आणि कलम करणाऱ्याच्या खिशात मिटता चाकू असतो. कोय कलमाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. रुजून आलेलं तांबूस पानांचं रोप जेमतेम दहा-पंधरा दिवसांचं असतं. कोयीपासून ६ ते ८ सेंटिमीटरवर ते छाटतात, उरलेल्या कोवळ्या खोडाला मधोमध सुमारे ४ सेंटिमीटरची उभी चीर देतात, तेवढ्याच जाडीची हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासतात, चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. सगळी मदार त्या पाचरीवर. तिचा प्रत्येक छेद एका दमात आणि सपाट आला पाहिजे, म्हणून कलम चाकूला बहुधा एकाच बाजूने धार काढलेली असते. पातं बोथट असेल तर ते कापत नाही, चेंगरतं. सालीखालचा ओला, जिवंत थर दबतो, तपकिरी पडतो, सांधा जुळत नाही आणि काडी वाळून जाते. इथे धारेची काळजी घेणं हा छंद राहत नाही. एका झाडाचं जगणं-मरणं त्या धारेच्या केसाएवढ्या रेषेवर ठरतं.

आता इतिहास मध्ये येतो, आणि तो जपानचा आहे. १८७६ मध्ये तिथे तलवार मिरवायला बंदी झाली. पुढे १८९० च्या दशकात, लोहारकामासाठी नावाजलेल्या मिकी या गावात एक मिटता चाकू तयार होऊ लागला, त्याचं नाव हिगोनोकामी. नाव भारदस्त आहे, हिगो प्रांताचा अधिपती असा त्याचा अर्थ. वस्तू मात्र अगदी साधी. पितळी किंवा लोखंडी पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक खीळ आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची छोटी जीभ. स्प्रिंग नाही, खटका नाही. कापताना अंगठा त्या जिभेवर ठेवला तरच पातं ठाम राहतं. काही पिढ्या जपानी मुलांनी याच चाकूने पेन्सिली तासल्या आणि बांबूची खेळणी केली. मग १२ ऑक्टोबर १९६० ला टोकियोत, भर सभेत, समाजवादी नेते असानुमा यांचा एका १७ वर्षांच्या मुलाने खून केला. त्याच्या हातात आखूड तलवार होती, हिगोनोकामी नव्हता. तरीही मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊच नयेत अशी मोहीम देशभर निघाली, शाळांमध्ये पेन्सिलीला टोक काढायची यंत्रं बसली आणि दप्तरातला चाकू नाहीसा झाला. मिकीत एके काळी या चाकूच्या कारागिरांचा संघ होता. आज त्या नावाचा अधिकृत चाकू करणारं एकच घर उरलं आहे. गुन्हा एका हत्याराने केला आणि शिक्षा दुसऱ्याच अवजाराला झाली.

आपल्याकडे हेच रामपुरीचं झालं, फक्त वेगळ्या वाटेने. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही कला. तिला देशभर ओळख दिली ती मुंबईच्या सिनेमाने, आणि बदनामही त्यानेच केलं. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारने चाकूवर म्हटलेला संवाद आजही लोक म्हणून दाखवतात. त्यानंतर किती खलनायकांनी अंधाऱ्या गल्लीत खटका दाबला याची गणतीच नाही. त्या ‘खट्’ आवाजाचा मला मनापासून राग आहे. चाकूचं काम तो उघडल्यावर सुरू होतं. पडद्यावर ते उघडतानाच संपतं. खटक्यामागे कारागिरी होती, पात्याला पाणी देण्याचं कसब होतं, मुठीवर घडण होती, यातलं काहीही प्रेक्षकांपर्यंत गेलं नाही. कायद्याचं कलम, म्हणजे आपलं तिसरं कलम, यापेक्षा समंजस आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला शस्त्र मानतात, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळतात. वस्तू कशासाठी घडली आहे, हे कायदा विचारतो. आपण ते विचारायचं सोडून दिलं. २०२३ मध्ये रामपूरला एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा चाकू उभारला गेला. कारागिरांचा मान म्हणून त्याचं स्वागत करावं, पण त्याने कुणाला पेरूची फोड करता येणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. चाकूने माणसं मरतात. खिशात धार बाळगण्याचं कौतुक करू नये, असं कुणी म्हटलं तर त्यामागची भीती खरी आहे. ती मला नाकारायची नाही. पण धारेपासून दूर ठेवलेल्या मुलाला धारेचा आदर कळतो का? जपानमध्येच याला एक उत्तर सापडतं. नागानो प्रांतातल्या इकेदा गावी एका प्राथमिक शाळेत १९८३ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांना हिगोनोकामी भेट दिला जातो. मुलं त्याने पेन्सिल तासतात. पातं कुठल्या दिशेने न्यायचं, अंगठा कुठे ठेवायचा, समोरच्याला देताना मूठ त्याच्याकडे कशी करायची, हे सांगून समजत नाही. हातातल्या पात्याकडे लक्ष ठेवावं लागतं तेव्हाच ते अंगवळणी पडतं. ज्याला एका चुकीची किंमत बोटावर कळली, तो दुसऱ्याच्या अंगाबाबत अधिक जपून वागेल, असं मानायला जागा आहे. धारेचा धाक आणि धारेचं शहाणपण एकाच शाळेत शिकतात.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा, आणि तो जास्त अवघड आहे. धार लावणं म्हणजे पोलाद घासून काढणं. दर वेळी पातं थोडं कमी होतं. वापरून जपा म्हणणारा माणूस, खरं तर, हळूहळू संपवा असंच सांगतो. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहावेत. काकासाहेब केळकरांनी घराघरांतून ते मिळवले नसते आणि घरचे लोक त्यांनी सुपारी कातरतच राहिले असते, तर ती घोडे-मोरांची घडण आज कुठे असती? हे मला पूर्णपणे मान्य आहे. जिचा दुसरा नमुना नाही, जिचे कारागीर संपले, ती वस्तू काचेआडच शोभते. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याने ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू घडवला. तो खिशात मावतच नाही, त्याची जागा कपाटातच. पण बहुतेक संग्रहांत असे चाकू नसतात. असतात ते फ्रान्समधल्या सावॉयच्या शेतकऱ्यांसाठी केलेले ओपिनेल, हिगोनोकामी, साधे कलम चाकू. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये डोंगरी गावात हा चाकू केला तो पाव, चीज आणि फांद्या कापण्यासाठी. तो आजही बनतो. असा चाकू न उघडता पेटीत ठेवणं म्हणजे पत्र न उघडताच जपणं.

आणि वापरलेल्या पात्यावर जे उमटतं ते वस्तूपासून वेगळं काढता येत नाही. साध्या पोलादाच्या पात्याने आवळा कापा. मिनिटाभरात पात्यावर काळसर निळी झाक चढते. आवळ्यातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन ती तयार होते. कलमकारीचे कारागीर कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि गंजलेलं लोखंड गुळासोबत आंबवून केलेल्या पाण्यात कलम बुडवून त्यावर रेघ ओढतात. रेघ काळी होते ती याच क्रियेने. युरोपातल्या शेकडो वर्षांच्या दस्तऐवजांची शाईही ओकच्या गाठी आणि हिराकस यांच्यापासून याच तत्त्वावर होत असे. म्हणजे पात्यावरचा तो डाग शब्दशः शाई आहे, आणि ती शाई तांबड्या गंजाला काही प्रमाणात दूर ठेवते. म्हणूनच जुना चाकू विकण्याआधी फिरत्या चाकावर घासून आरशासारखा करणाऱ्यांचा मला राग येतो. वीस-तीस वर्षांची फळं, दोऱ्या, फांद्या, सगळं एका मिनिटात पुसलं जातं. वर कोपरे गोल होतात आणि पात्यावरचा कारागिराचा ठसाही पुसट होतो. चाक फार तापलं आणि धार निळी पडली तर पात्याचं पाणीच उतरतं. मग त्या चाकूत चमक राहते, धार टिकत नाही.

काळजीचं खरं काम याहून बरंच साधं आहे आणि त्यात घाई चालत नाही. आंबट काही कापलं की पातं लगेच पुसून कोरडं करायचं. फळं कापायच्या चाकूला खोबरेल तेलाचं बोट पुरतं, सांध्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्महिने ठेवू नये. चामडं ओल धरतं, पोलाद गंजतं आणि पितळ हिरवं पडतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे आठवड्यात होतं. लाकडी मुठीचा ओपिनेल दमट हवेत फुगतो आणि पातं अडकून बसतं. सावॉयच्या लोकांची त्यावर एक युक्ती आहे: मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटायचं, पातं आपणहून पुढे येतं. धार लावायला ओला दगड. पातं दगडावर जरासं तिरकं धरून, कोन न बदलता, फिरवत राहायचं, जोवर पलीकडच्या कडेला बोटाला जेमतेम जाणवणारी खरखर उठत नाही. मग बाजू बदलायची. त्या वेळी दुसरं काही करता येत नाही, आणि ते करावंसंही वाटत नाही.

एक आक्षेप अजून राहतो: दहा रुपयांचं कटर आहे, न गंजणारं स्टेनलेस आहे, मग हा खटाटोप कशाला? स्टेनलेसच्या विरुद्ध मी नाही; पोलादात दहा-बारा टक्के क्रोमियम असलं की गंजाची चिंता बरीचशी मिटते आणि स्वयंपाकघरात ती मिटलेलीच बरी. कटर मात्र वेगळं. त्याचं पातं बोथट झालं की मोडून टाकायचं. त्याला धार लावायची नसते, म्हणून त्याच्याशी ओळखही होत नाही. जे झिजू दिलं जात नाही त्याचं वयही होत नाही. वापरातल्या चाकूचं पातं वर्षानुवर्षं दगडावर जाऊन अरुंद होतं, पुढे सुईसारखं टोकदार होतं, आणि संग्राहक म्हणतो की हा आता संपला. कलम करणारा तोच चाकू वेगळा काढून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की प्लॅस्टिकची पट्टी कापावीच लागते, नाही तर वाढणाऱ्या खोडाला ती आवळते. नवं, रुंद पातं तिथे सालीत घुसण्याची भीती असते. झिजलेलं टोक पट्टीखाली अलगद सरकतं आणि बांधणी सुटते.